मंदाकिनी चाखत नाही

माझ्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात अर्धा किलो लोणी आहे आणि ते माझं नाही. ते समोरच्या दारातल्या मंदाकिनी कर्णिकचं. तिच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये आणखी एक किलो लोणी, क्रीमचे डबे, तीन तऱ्हेचं चीज आणि गाळलेल्या रश्शाच्या बरण्या असतात, त्यामुळे उरलेला संसार माझ्याकडे येतो. एकटी बाई, वय त्रेसष्ट, आणि लोणी एवढं की एखादी छोटी बेकरी चालावी. मी तिला हे दर आठवड्याला ऐकवते. ती दर आठवड्याला ‘हो गं विनिता’ म्हणते आणि लोणी ठेवून जाते.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरात. तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी समोरासमोर राहतो त्याला पंचवीस वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. नवरा गेला, मुलगा बंगळुरूला असतो, आणि वर्गात ओरडायची सवय अजून गेलेली नाही. मंदाकिनीने लग्न केलं नाही. ती ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होती. चौतीस वर्षं न्यायाधीश बोलत गेले आणि ही टिपत गेली. तिला अभिमान एकाच गोष्टीचा आहे. एवढ्या वर्षांत तिने एकाही साहेबांना ‘परत सांगा’ म्हटलं नाही. भरभर बोलणारे आले, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे आले, तिची पेन्सिल थांबली नाही.

ती राहायला आली त्याच आठवड्यात तिच्या घरातून कांदा परतल्याचा वास यायला लागला आणि तासभर येतच राहिला. मला वाटलं, बाई गॅस चालू ठेवून झोपली. जाऊन दार वाजवलं. हातात लाकडी उलथणं घेऊन तिने दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं की फ्रेंच लोकांचं कांद्याचं सूप चाललंय, कांदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. कांदा परतायला किती वेळ लागतो हे मला कोणी शिकवायला नको होतं, तरी मी तिथेच स्टुलावर बसले. आणखी पाऊण तासाने कांद्याला गुळाचा रंग आला. मग त्यात भाज्यांचं पाणी, वर कडक ब्रून पावाचा तुकडा, पावावर चीज, आणि सगळं ओव्हनमध्ये. पहिला घोट घेतल्यावर मी काही बोलले नाही. मला ओळखणारे सांगतील की असं फार क्वचित होतं.

मी मांसमच्छी खात नाही. पण कांदे सोलणं, बटाट्याच्या चकत्या करणं, पोह्यांच्या चाळणीतून तिचा पांढरा सॉस गाळून देणं ही कामं माझ्याकडे आपोआप आली. तिच्या कोंबडीच्या भांड्यापासून मी दोन हात लांब उभी राहते आणि तिथून सूचना करते. ती त्या ऐकत नाही.

फ्रेंच स्वयंपाक ती कुठल्या वर्गात शिकलेली नाही. नोकरी नवी असताना फोर्टला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला फ्रेंच पाककृतींचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. जेवणाच्या सुट्टीत तिने ते वाचलं आणि हाताला सवय म्हणून सगळं लघुलिपीत उतरवून काढलं. अशा अकरा वह्या आहेत. आत नुसत्या वाकड्या रेघा आणि टिंबं. मी एकदा विचारलं की बाई, तुझ्यामागे हे वाचणार कोण? ‘कोणी नाही,’ ती म्हणाली, ‘आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?’ मला मात्र वाईट वाटलं होतं.

त्या वह्यांत प्रत्येक जिन्नस मोजून लिहिलाय. लोणी किती, मैदा किती, वाइन किती पेले, आच कधी कमी करायची. फक्त मिठाची जागा मोकळी. कारण मंदाकिनी मीठ मोजत नाही. आणि मंदाकिनी चाखतही नाही.

हे तिच्या आईचं. ठाण्याला खारकर आळीत त्यांचं घर होतं. कायस्थांचं घर, खाण्यापिण्याची हौस दांडगी, आणि गौरीला तिखटाचा नैवेद्य. गौरी जेवायच्या आधी कोणाचंही तोंड अन्नाला लागायचं नाही, मग ते वालाचं बिरडं असो की मटण. गौरीचा नियम पुढे बारा महिन्यांचा झाला. पानं वाढली, एक वाटी बाजूला काढली, की मगच चव. तोवर मीठ ओळखायचं ते नाकाने. मंदाकिनी पाच-सहा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी उभी राहून हे शिकली. आई जाऊन तीस वर्षं झाली, तरी ओट्याच्या कोपऱ्यात ती पहिली वाटी आजही निघते. वाइनमध्ये शिजलेल्या कोंबडीचीसुद्धा निघते. आईंना कशी लागते कोण जाणे.

मी तिला कितीदा सांगितलं की मिठाला वास नसतो, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असतं. ती म्हणायची, मिठाला नसतो, पण मीठ पडल्यावर रश्शाचा वास बदलतो. झाकण उघडायची, डोळे मिटून एकदा वास घ्यायची आणि चिमूट टाकायची. माझा इलाज नव्हता, कारण पंचवीस वर्षांत तिचं मीठ एकदाही चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिची दुसरी हौस म्हणजे शनिवारची संध्याकाळ. टसरची साडी, मोत्याच्या कुड्या, सपाट चपला, आणि बाई पाच वाजता घराबाहेर. बहुतेक वेळा ठाणं. गडकरीला नाटक, नाहीतर एखादं नवीन हॉटेल, मग तलावपाळीला एक चक्कर. नवरात्रात टेंभी नाक्याची गर्दी. महिन्या-दोन महिन्यांतून मुंबईत कुठेतरी पियानो वाजतो अशा जागी जाऊन वाइनचा एक पेला, एकच, आणि टॅक्सीने परत. तरुणपणी ती एकटी हॉटेलात शिरली की वेटर तिला फॅमिली रूमचा पडदा उघडून द्यायचे आणि विचारायचे, अजून कोण येणार? ती सांगायची, जी यायची होती ती आलीय. तिला सगळ्यांत मधलं टेबल हवं असायचं.

मला या भटकण्याचं आधी नवल वाटायचं, मग थोडा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तो हेव्याचा होता. नवरा होता तेव्हा आम्ही नातेवाइकांच्या मुंजींना जायचो आणि त्याला बाहेर जाणं म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या एका लहानशा हॉटेलात ती एका टेबलावर एकटी बसली होती आणि शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ एकटे. सहा जणांचं कुटुंब आलं, जागा नव्हती. मालकाने येऊन विनंती केली, तुम्ही दोघं एका टेबलावर बसाल का? गृहस्थ म्हणाले, हरकत नाही, पण मी फार हळू जेवतो. मंदाकिनी म्हणाली, मीही. ते गुरुदत्त टिपणीस. महापालिकेच्या पाणीखात्यात इंजिनिअर होते. पत्नीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यांच्याबरोबर ठाण्यात फिरणं म्हणजे गंमत असते. माणूस वर बघतच नाही. या रस्त्याखालून बारा इंची नळ जातो, त्या कोपऱ्यावर व्हॉल्व्ह आहे, इथे एकदा आम्ही ऐन दिवाळीत पहाटेपर्यंत उभे होतो. मंदाकिनी हे सगळं मन लावून ऐकते. ऐकण्यात तिचा हात कोण धरणार? पण मी पाहिलंय, त्यांच्याशी ती बोलतेही. चौतीस वर्षांचं साठलेलं बोलणं असावं.

तर गेल्या दिवाळीनंतर टिपणिसांनी तिला लग्नाचं विचारलं. घाई नाही, थाट नाही, नोंदणी करू, आणि तुम्ही नौपाड्याला राहायला या. मंदाकिनीने हे मला माझ्या स्वयंपाकघरात, लोणी ठेवता ठेवता सांगितलं. तिला लग्न करायचं होतं. तिने ते सरळ सांगितलं, लाजली वगैरे नाही. म्हणाली, ‘विनिता, मला त्यांच्या घरात रोज सकाळी उठावंसं वाटतं.’ या वयात असं मोकळं कोणी बोललं की ऐकणाऱ्याने काय करायचं? मी चहा टाकला.

अडचण होती नीरजाची. नीरजा ही टिपणिसांची एकुलती एक मुलगी, बत्तीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, लग्न होऊन कल्याणला असते. मुलगी सरळ आहे. वडिलांनी मंदाकिनीबरोबर नाटकाला जावं, हॉटेलात जावं, याला तिची कधीच ना नव्हती. पण लग्नाचं कळल्यावर तिने वडिलांना सांगितलं, ‘बाबा, तुम्ही बाहेर कुठेही जा. पण आईच्या ओट्याशी दुसरं कोणी उभं असलेलं मला नाही बघवणार.’ आई शेवटचे चार महिने अंथरुणाला होती आणि त्या ओट्याशी तेव्हा नीरजाच उभी असायची.

मंदाकिनीला हे पटलं, हेच मला पटेना. मी म्हणाले, मुलगी तिच्या घरी कल्याणला, तिला काय करायचंय? मंदाकिनी म्हणाली की पोरीच्या मनाविरुद्ध तिच्या आईच्या घरात आपण पाऊल ठेवणार नाही. आणि नुसते शनिवारही मग नकोत. एकदा विचारून झालंय, आता पुन्हा काही विचारलंच नाही असं वागणं जमणार नाही. म्हणजे लग्न नाही तर शनिवारही नाहीत. मी कपाळावर हात मारून घेतला. चौतीस वर्षं निकाल ऐकून ऐकून बाईला निकालाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी एवढंच ठरलं की नीरजाने एकदा डोंबिवलीला जेवायला यावं. टिपणिसांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, ये, जेव, बोल, आणि मग तू म्हणशील तसं. नीरजा हो म्हणाली. डिसेंबरातला रविवार धरला. मी कॅलेंडर पाहून दिलं. एकादशी नाही, संकष्टीही नाही. कोंबडीला आडवं येईल असं काही नव्हतं.

शुक्रवारी रात्री मंदाकिनीने कोंबडी वाइनमध्ये घातली. मानपाडा रोडच्या वाइनच्या दुकानात टसरची साडी नेसून, नाव घेऊन बाटली मागणारी ही एकच बाई असावी. दुकानदार तिला आता खुर्ची देतो.

शनिवारी मंदाकिनी, टिपणीस आणि मी, असे तिघं नाटकाला गेलो. मला मुद्दाम नेलं होतं. नाटक बरं होतं. नंतर तलावपाळीला आलो. थंडी होती, तलावात दिवे पडले होते, लोक मुलांना घोडागाडीतून फिरवत होते. एरवी मंदाकिनी एक चक्कर मारून निघते. त्या दिवशी तिने दुसरी मारली, मग तिसरी. कुल्फी खाल्ली, आणि थोड्या वेळाने आणखी एक खाल्ली. टिपणीस नळांबद्दल काही बोलत नव्हते. मी दमून कठड्यावर बसले होते आणि त्या दोघांना पाठमोरं चालताना बघत होते. मला कळत होतं की ही बाई शनिवार लांबवतेय. उद्याचं काही सांगता येत नव्हतं. मी तिला थंडीत कुल्फी खाऊ नको म्हणून ओरडायला हवं होतं. ओरडले नाही.

रविवारी सकाळी तिने दार उघडलं तेव्हा नाक लाल आणि आवाज बसलेला. सर्दीने दोन्ही नाकपुड्या बंद. वाफ घेतली, ओवा हुंगला, मी सुंठ उगाळून कपाळावर लावली. दुपारी चारपर्यंत काही फरक नाही. तरी कामं सगळी वेळेवर चालली होती. कांदा गुळाच्या रंगाचा झाला, बटाट्याच्या चकत्या क्रीममध्ये थरावर थर रचून ओव्हनमध्ये गेल्या, कोंबडीच्या रश्शाला चकाकी आली. अंड्याच्या कॅरेमल पुडिंगने फ्रीजची उरलीसुरली जागा खाल्ली.

मग मिठाची वेळ आली. तिने कोंबडीचं झाकण उघडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. सुपावर वाकली, तिथेही काही नाही. चिमूट हातात धरून ती तशीच उभी राहिली. मी इतक्या वर्षांत तिला ओट्यापाशी अडलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, अगं चाख ना. तिने मान हलवली. मी म्हणाले, बरं, कोंबडी माझ्याच्याने होणार नाही, सूप तरी मी चाखते, आण चमचा.

‘नको विनिता. पानं वाढायच्या आधी कोणाचंच तोंड लागायचं नाही. आज तर नाहीच.’

मी चिडले. आज तर नाहीच म्हणजे काय? आज तर चाखायलाच हवं. तिचं म्हणणं उलटं होतं. आजचं जेवण तिच्या आईच्या रीतीनेच व्हायला हवं होतं, कारण ती ते दुसऱ्या एका आईच्या लेकीला वाढणार होती. हे ऐकल्यावर मी चमचा मागणं सोडलं, पण मनात म्हटलं, बाई हट्टाने सगळं घालवणार. तिने भीतभीत अर्धी चिमूट कोंबडीत टाकली, अर्धी सुपात, आणि झाकणं लावली. जास्त पडलं तर काढता येत नाही, एवढंच ती म्हणाली.

साडेसातला बापलेक आले. नीरजा उंच, वडिलांसारखी, केस घट्ट बांधलेले. तिने येताना फुलं आणली होती, ती माझ्या हातात दिली, बहुधा मीच मंदाकिनी असं समजून. मग जरा अवघडली. चूक सुधारली, पण मंदाकिनीला हाक काय मारायची हे तिला ठरवता येत नव्हतं. काकू नाही, मावशी नाही, मॅडम नाही. वाक्यं सगळी हवेत सुटत होती. ‘इकडे पाणी कमी येतं का?’ ‘रिक्षा लगेच मिळते वाटतं इथे.’

जेवायला बसलो. मंदाकिनीच्या टेबलावर मीठ नसतं. आपल्या पानात डावीकडे वर मीठ वाढतात तसं ती या जेवणात वाढत नाही. टेबलावर मीठ ठेवणं म्हणजे स्वयंपाक कच्चा राहिल्याची कबुली, असं तिचं मत. पहिली वाटी तिने ओट्याच्या कोपऱ्यात काढून ठेवली आणि मग आम्हाला सूप वाढलं.

मी चमचा तोंडात घातला. अळणी. थोडंफार नव्हे, चक्क अळणी. वरचं चीज होतं तेवढंच काय ते खारट. मी टिपणिसांकडे पाहिलं. ते खाली बघून सावकाश सूप पीत होते. ‘छान झालंय,’ ते म्हणाले. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. मंदाकिनीने स्वतः एक घोट घेतला. सर्दीमुळे तिला चवही कळत नसावी, कारण तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिथून तिला कळलं.

कोंबडी आली. मला तिची चव माहीत नाही, पण नीरजाचा पहिला घास जितका वेळ तोंडात राहिला त्यावरून अंदाज आला. बटाटे तेवढे चीजच्या जोरावर तरले होते. मीठ मागायचं तर यजमानीणबाईंचा अपमान, न मागायचं तर हे असंच संपवायचं. मी उठून माझ्या घरातून मीठ आणावं का, असा विचार करत होते. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर काहीतरी हलकंफुलकं बोललं असतं. मला तेवढ्यात सुचलं नाही, आणि याची मला अजून चुटपुट लागते.

नीरजाने चमचा खाली ठेवला. पहिल्यांदाच सरळ मंदाकिनीकडे बघून विचारलं, ‘तुम्ही चाखून नाही बघितलं?’

मंदाकिनीने जे होतं ते सांगितलं. सारवासारव केली नाही. सर्दी झालीय, वास येत नाही, आणि आमच्याकडे पान वाढायच्या आधी चाखत नाहीत. आई गौरीला तिखटाचा नैवेद्य करायची, तेव्हापासूनची सवय. मीठ नाकानेच घालते. आज नाक नाही. ‘चुकलं माझं,’ ती म्हणाली, ‘तू एवढ्या लांबून आलीस.’

नीरजा खुर्ची मागे सरकवून उठली आणि आत गेली. टिपणीस अर्धवट उठले, पुन्हा बसले. मला वाटलं, ती हात धुवायला गेली, आता पर्स घेईल आणि निघेल. मंदाकिनी नीरजाच्या ताटलीकडे बघत होती. पाठ ताठ, हात मांडीवर, कोर्टात निकालाच्या आधी बसत असेल तशी. तिचे डोळे भरले होते, आणि ते सर्दीने नव्हे.

आतून डब्यांची झाकणं वाजली. मग नीरजाचा आवाज आला, ‘मीठ कुठे ठेवता?’

मंदाकिनी उठून गेली. मी तिच्या मागे गेले, कारण मी कोणाच्या मागे न जाता राहू शकत नाही. नीरजाने बाह्या वर केल्या होत्या. कोंबडीचं भांडं पुन्हा गॅसवर चढवून आच बारीक केली होती. मंदाकिनीने मिठाचा डबा खिडकीतून काढून दिला. नीरजाने चिमूट टाकली, ढवळलं, रस्सा चमच्यात घेऊन फुंकर मारली, आणि तोंडात घातला. अजून एक चिमूट. पुन्हा चाखलं. मग सूप. तिचं लक्ष सगळं चमच्यात होतं, आणि ओट्याशी वास्तविक एकाच बाईपुरती जागा असताना त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या.

‘आई पण चाखायची नाही,’ चमचा धुता धुता ती म्हणाली. मंदाकिनीकडे बघून नाही, नळाकडे बघून. ‘गौरीच्या दिवशी मला उचलून ओट्यावर बसवायची आणि माझ्या तोंडात चमचा घालायची. मोठी झाले तरी मलाच बोलवायची. लग्न झाल्यावर कल्याणहून बोलवायची. आमच्यात चालतं म्हणायची.’

‘आमच्यात नाही चालत,’ मंदाकिनी हळू म्हणाली. ‘कोणाचंच तोंड लागायचं नाही, आई म्हणायची.’

‘कोणाचंच नाही. फक्त लेकराचं चालतं. घरातल्या लेकराने चाखलं तर ते उष्टं होत नाही.’ नीरजाने नळ बंद केला. ‘तिकडे नौपाड्याला आईचा मोठा चमचा आहे, खणात डाव्या बाजूला. सर्दी झाली की मला फोन करत जा, मावशी. मी येत जाईन चाखायला.’

बाहेर टेबलाशी टिपणीस अजून तसेच बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. भांड्यातून वाफ येत होती. मंदाकिनी ओट्याला हात टेकून उभी होती आणि नीरजाच्या तोंडाकडे बघत होती. चौतीस वर्षांत ज्या बाईने कोणाला कधी विचारलं नव्हतं, तिने विचारलं.

‘परत सांग.’